काशीतील एक विज्ञानकथाकार

(अहिल्याबाई घाटावर दिलेले व्याख्यान)



ज्या पायऱ्यांवर आपण बसलो आहोत त्यांच्या दक्षिणेस मुन्शी घाट आहे आणि उत्तरेस शीतला घाट ओलांडला की दशाश्वमेध. थोड्याच वेळात तिकडे आरतीची तयारी सुरू होईल, ध्वनिक्षेपक बोलू लागतील आणि मग माझ्या आवाजाला येथे काही स्थान उरणार नाही. वक्त्याला वेळेची मर्यादा घालून देण्याचा याहून सभ्य मार्ग मला ठाऊक नाही. तेव्हा प्रस्तावना आटोपती घेतो.

आज मला जयंत विष्णु नारळीकर यांच्याविषयी बोलावयाचे आहे. ते खगोलशास्त्रज्ञ होते हे सर्वांना ठाऊक आहे. माझा विषय मात्र त्यांच्यातला कथाकार आणि अनुवादक हा आहे. त्यांचे घर या घाटावर नव्हते. ते वाढले येथून दक्षिणेस, नदीच्या वरच्या अंगाला, हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात. तरीही त्यांच्याविषयी बोलण्यास मी हाच घाट योग्य समजतो. त्याचे कारण त्यांच्या एका कथेत आहे आणि त्या कथेकडे मी यथावकाश येईन.

नारळीकरांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे केंब्रिजचे रँग्लर. शिक्षण पुरे करून 1932 साली ते परतले आणि पंडित मदनमोहन मालवीय यांच्या विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. सापेक्षतावादावर काम करणारे तेव्हा भारतात फारच थोडे होते, आणि बनारस हे त्या थोड्यांचे एक ठाणे बनले ते त्यांच्यामुळे. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे तरुण गणिती 1942 साली त्यांच्यापाशी काही महिने येऊन राहिले, आणि प्रकाश उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाविषयीचे जे सूत्र आज वैद्यांच्या नावाने जगभर ओळखले जाते, ते या काशीवासात सिद्ध झाले. आई सुमती या माहेरच्या हुजूरबाजार, संस्कृतच्या विदुषी. म्हणजे एकाच घरात एका बाजूला आइन्स्टाइनची समीकरणे होती आणि दुसऱ्या बाजूला संस्कृत काव्ये. दोन्ही गोष्टींची चर्चा जेवणाच्या वेळी मराठीतच होत असणार.

हा भाषेचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मुलगा घरी मराठी बोलतो. घराबाहेर पडला की हिंदी. कमच्छा भागातील सेंट्रल हिंदू स्कूल ही ॲनी बेझंट यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली शाळा, तेथे शिकणे हिंदीतून. वडिलांच्या अभ्यासिकेतील पुस्तके इंग्रजी. 1957 साली तो येथून विज्ञानाची पदवी घेऊन केंब्रिजला जातो, आणि पंधरा वर्षांनी, 1972 साली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू होण्यासाठी परततो. हिशेब करून पाहा. मराठीतील या लोकप्रिय लेखकाचे महाराष्ट्रात सलग वास्तव्य सुरू झाले तेव्हा त्याचे वय तेहतीस-चौतीस वर्षांचे होते. मराठी शाळेच्या बाकावर त्याची घडण झालेली नाही. त्याची मराठी ही प्रवासात बरोबर नेलेल्या तांब्यासारखी, घरची, रोजच्या वापराची, नक्षी नसलेली होती. तिच्या या नक्षीहीनतेविषयी पुढे बोलेन, कारण टीकाकारांचा सर्वांत मोठा आक्षेप तोच आहे.

त्यांच्या बालपणातील एक प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. बनारसच्या घरी भिंतीवर फळे लावलेले होते. मोरेश्वर हुजूरबाजार हे त्यांचे मामा, स्वतः गणिती, तेथे येऊन राहिले होते. मोरूमामा एखादे अवघड कोडे फळ्यावर लिहून ठेवीत आणि त्यावर मथळा देत : जे. व्ही. एन. यांना आव्हान. कोडे सुटेपर्यंत ते पुसले जात नसे. मुलाने उत्तर काढावे, नाहीतर हार मानून मामांकडून समजून घ्यावे. शिक्षणशास्त्राचे जाड ग्रंथ लिहिणाऱ्यांनी या एका फळ्याचा विचार करावा असे मला वाटते. पण मला येथे निराळेच काही सांगावयाचे आहे. जे. व्ही. एन. ही तीन अक्षरे कृपया ध्यानात ठेवा.

केंब्रिजमधील यशाची यादी मी वाचणार नाही. 1959 साली ते सीनियर रँग्लर झाले. फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. 1964 साली दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्त मांडला आणि त्यानंतरच्या वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते पद्मभूषण झाले. विश्वाची उत्पत्ती एका महास्फोटात झाली हे मत बहुतेक सर्व शास्त्रज्ञांनी स्वीकारल्यानंतरही ते मानण्यास गुरुशिष्यांनी अखेरपर्यंत नकार दिला, आणि या नकाराची किंमतही मोजली. शास्त्रीय दृष्ट्या ते बरोबर होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. बहुसंख्य पुरावा त्यांच्या विरुद्ध गेला आहे. पण बहुमताला शांतपणे "नाही" म्हणण्याची ती सवय त्यांच्या कथांमध्येही सर्वत्र दिसते.

हॉईल यांची गोष्ट कथाकाराच्या चरित्रात यावयाची ती दुसऱ्या कारणाने. हा जगप्रसिद्ध ज्योतिर्विद कादंबऱ्याही लिहीत असे. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी 1957 साली प्रसिद्ध झाली, म्हणजे नेमकी नारळीकर केंब्रिजमध्ये पाऊल ठेवीत होते त्या वर्षी. शास्त्रज्ञाने कल्पित कथा लिहिणे हे आपल्याकडे तेव्हा थोडे कमीपणाचे मानले जाई. पोक्त गृहस्थाने गल्लीत विटीदांडू खेळावा तसे. नारळीकरांना ही भीड पडली नाही, कारण त्यांच्या गुरूने ती आधीच मोडून ठेवलेली होती.

आता 1974 सालाकडे येऊ. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. नारळीकर अहमदाबादेत एका परिसंवादाला गेले होते. व्यासपीठावरील व्याख्यान कंटाळवाणे होते. (कोणाचे होते हे त्यांनी सभ्यपणे सांगितलेले नाही आणि आपणही शोधू नये, आपल्यापैकी प्रत्येक वक्त्याच्या समोर बसून कोणी ना कोणी दुसरेच काही लिहीत असतो.) परिसंवादासाठी मिळालेल्या कागदांवर त्यांनी कथा लिहावयास घेतली. ती म्हणजे 'कृष्णविवर'. कथा पुरी झाली तेव्हा प्रश्न उभा राहिला. स्वतःच्या नावाने पाठविली तर परीक्षक नाव पाहून बक्षीस देतील, आणि मग कथा खरोखर कशी आहे हे कधीच कळणार नाही. म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले : नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे पाहा. एन. व्ही. जे. मामांच्या फळ्यावरील तीच तीन अक्षरे, उलट्या क्रमाने. परिषदेतील मंडळींना त्यांचे हस्ताक्षर परिचयाचे होते, म्हणून पत्नी मंगला यांच्याकडून कथेची प्रत करवून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि मग जगताप कोण हे उघड झाले.

या प्रसंगाकडे गंमत म्हणून पाहिले जाते. मला त्यात शास्त्रज्ञाची रीत दिसते. ज्या गोष्टीची परीक्षा घ्यावयाची तिच्यावर परिणाम करू शकणारे बाकीचे सर्व घटक आधी बाजूला काढावयाचे, आणि मग निकाल पाहावयाचा. पद्मभूषण, केंब्रिज, हॉईल हे सर्व वजा केल्यावर शिल्लक काय राहते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. मान मिळालेल्या माणसाने आपला मान प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढून ठेवावा, असे किती वेळा घडते?

मराठीत विज्ञानकथा त्यांनी सुरू केली असे मात्र कोणी समजू नये. ती बरीच आधी आली आणि अनुवादाच्या वाटेने आली. ज्यूल व्हेर्नची चंद्रप्रवासाची कथा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर 'केरळ कोकिळ' मासिकातून मराठी वाचकांपर्यंत पोहोचली होती. पुढे भा. रा. भागवतांनी व्हेर्नच्या कादंबऱ्या मुलांसाठी इतक्या रसाळ मराठीत आणल्या, की 'मुक्काम शेंडेनक्षत्र' वाचणाऱ्या मुलाला मूळ लेखक फ्रेंच होता हे सांगूनही खरे वाटत नसे. भागवतांचा जन्म इंदूरचा, म्हणजे ज्या बाईंच्या नावाच्या पायऱ्यांवर आपण बसलो आहोत त्यांच्याच घराण्याच्या राज्यातला. हिंदीतही हेच घडले, आणि ते येथे काशीत घडले. अंबिकादत्त व्यास यांचा 'आश्चर्य वृत्तांत' 1884 पासून क्रमशः प्रसिद्ध झाला. त्यावर व्हेर्नच्या पाताळप्रवासाची छाया स्पष्ट आहे. त्यानंतर काही वर्षांतच देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' या शहरातून निघाली आणि तिच्यातील ऐयारांच्या मागे लागून असंख्य लोक नागरी लिपी शिकले असे म्हणतात. तेव्हा अद्भुताला काशीची हवा मानवत नाही, असे म्हणण्यास जागा नाही.

आणि अनुवादाला? त्याची काशीशी असलेली सोयरीक तर याहून कितीतरी जुनी आहे. एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरील आपली मराठी टीका 1573 साली पूर्ण केली ती याच नगरीत, गंगातीरी. प्राकृतात लिहिल्याबद्दल येथील पंडित त्यांच्यावर रागावले, ग्रंथ गंगेत सोडण्यात आला आणि गंगेने तो वर धरला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. ज्ञान कोणत्या भाषेत सांगावे, आणि जी भाषा त्यासाठी हलकी समजली जाते तिच्यात सांगितल्यास विद्वान काय म्हणतील, हा प्रश्न या घाटांना नवा नाही एवढेच मला म्हणावयाचे आहे. चारशे वर्षांनी विद्वानांची भाषा बदलली, संस्कृतची जागा इंग्रजीने घेतली. पण प्रश्न तोच राहिला.

नारळीकरांपुढे इंग्रजी मोकळी होती. त्यांनी इंग्रजीतच कथा लिहिल्या असत्या तर त्यांना लंडन-न्यूयॉर्कचा वाचक मिळाला असता. त्यांनी आधी मराठीत लिहिले आणि मग त्यांतील पुष्कळ लेखन स्वतः इंग्रजीत नेले. रूढ अर्थाने ते अनुवादक नव्हते; दुसऱ्यांची पुस्तके भाषांतरित करणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता. ते स्वतःचे अनुवादक होते, आणि एका निराळ्या अर्थाने जन्मभर अनुवादकच होते. कारण समीकरणांच्या भाषेत सुचलेली गोष्ट घरगुती मराठीत सांगणे, हा अनुवादाचा सर्वांत बिकट प्रकार होय. 'विवर' म्हणजे आपल्या कानाला बीळ किंवा गुहा. जेथून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही आणि ज्याच्या निकट दूरच्या निरीक्षकाला काळ मंदावलेला दिसतो, अशा वस्तूला ते नाव मिळाले की वाचकाच्या मनात सापाचे बीळही जागे होते आणि पाताळाची वाटही. हे नुकसान की लाभ? मला तो लाभ वाटतो. मराठी परिभाषेत ताऱ्यांच्या महासमूहाला 'दीर्घिका' म्हणतात. जुन्या संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट पुष्करिणी. शब्द नवा अर्थ घेतो, पण जुने पाणी त्याच्या तळाशी राहते.

त्यांच्या इंग्रजी रूपांतरांत मात्र काही चमत्कारिक गोष्टी घडल्या आहेत. त्यांतील दोन सांगतो. त्यांच्या एका कादंबरीचे नाव आहे 'वामन परत न आला'. इंग्रजीत तिचे नाव झाले 'द रिटर्न ऑफ वामन', म्हणजे वामनाचे पुनरागमन. मराठी नाव म्हणते वामन आला नाही; इंग्रजी नाव म्हणते तो आला. एकाच पुस्तकाच्या दोन मुखपृष्ठांवर परस्परविरुद्ध विधाने! पण थोडा विचार केला तर कोडे सुटते. ज्याला तीन पावलांची कथा ठाऊक आहे, त्याला 'परत न आला' या शब्दांत एक सुटकेचा निःश्वास ऐकू येतो. वामन येणार होता, बळीचे जे झाले ते आपले होणार होते, आणि ते टळले. ज्याला ही कथा ठाऊक नाही त्याला वामन न आल्याचे सोयरसुतक काय? त्याला आधी वामन आल्याचे सांगावे लागते. दुसरे उदाहरण 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेचे. डावे-उजवे यांची अदलाबदल हा तिचा वैज्ञानिक गाभा आहे. आरशातील प्रतिमेप्रमाणे माणूसच उलटा झाला तर काय होईल, आणि तो क्रिकेटचा गोलंदाज असेल तर आणखी काय होईल, अशी ती कल्पना. इंग्रजीत कथेचे नाव 'द रेअर आयडॉल ऑफ गणेशा' असे झाले. गणेशाची दुर्मिळ मूर्ती. मराठी घरात उजव्या सोंडेचा गणपती म्हटले की तो दुर्मिळ आहे, कडक आहे, त्याचे सोवळे-ओवळे सांभाळावे लागते, हे सांगावेच लागत नाही. इंग्रजीला 'दुर्मिळ' हा शब्द बाहेरून आणावा लागला, आणि तो आणताना सोंडेची दिशा, जी सबंध कथेची किल्ली, ती मथळ्यातून गळून पडली. अनुवादाचा व्यवहार हा असा आहे. एक हाताने द्यावे तेव्हा दुसऱ्या हातून काहीतरी सुटते.

'धूमकेतू' या कथेविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, विशेषतः काशीत. कलकत्त्याचा दत्त नावाचा एक हौशी आकाशनिरीक्षक आपल्या दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधतो. त्याला त्याचे नाव मिळते, कौतुक होते. पत्नीला मात्र हे अशुभ वाटते. पुढे गणित असे निघते की धूमकेतू पृथ्वीवर आदळणार. शास्त्रज्ञ गुप्तपणे जमतात, अण्वस्त्रांचा स्फोट घडवून त्याचा मार्ग बदलतात आणि संकट टळते. इकडे घरी पत्नीने शांतीचा यज्ञ करविलेला असतो, आणि संकट टळले ते यज्ञामुळे अशी तिची खात्री होते. दत्ताला घरात शिरतानाच हे कळते, आणि विज्ञान एका घरातल्या माणसालाही पटवू शकले नाही हे त्याच्या ध्यानात येते. कथेचे बळ त्या स्फोटात नसून या घरगुती पराभवात आहे.

माझा एक आक्षेप येथेच नोंदवून ठेवतो. अंधश्रद्धेची बाजू घराच्या बाईकडे आणि विज्ञानाची बाजू पुरुषाकडे, ही वाटणी मला खटकते. लेखकाच्या आई विदुषी होत्या. पत्नी मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ, 'गणितगप्पा' लिहून मुलांची गणिताची भीती घालविणाऱ्या. मराठीतील संख्यांची नावे मुलांना सोपी जावीत म्हणून 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे म्हणू द्यावे, हा मार्ग 2019 साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आला तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष म्हणून सबंध महाराष्ट्राची टीका त्यांनी अविचल राहून ऐकली. ज्याच्या घरात असे स्त्रीजीवन प्रत्यक्ष होते, त्याच्या कथेत ते इतके क्वचित का उतरावे? मला याचे उत्तर सापडलेले नाही.

धूमकेतूचा विषय निघाला म्हणून फलज्योतिषाचा. दशाश्वमेधाच्या पलीकडे मानमंदिर आहे. त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाची दगडी यंत्रे उभी आहेत. या नगरीत पंचांगे होतात आणि पत्रिकाही मांडल्या जातात. येथल्या संस्कृत पाठशाळेत मूळचे महाराष्ट्रातले बापूदेवशास्त्री ज्योतिष आणि गणित शिकवीत. त्यांनी केलेला 'सूर्यसिद्धान्ता'चा इंग्रजी अनुवाद 1861 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे काशीतील मराठी ज्योतिर्विद-अनुवादकांच्या मालिकेत नारळीकर पहिले नव्हेत. पण ग्रहगणित वेगळे आणि ग्रहफल वेगळे, हे नारळीकरांनी प्रयोगाने दाखविले. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतील मुलांच्या पत्रिका सरमिसळ करून ज्योतिषांना द्यावयाच्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते विचारावयाचे. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिकांची उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे प्रमाण भरले शेकडा 46. नाणे उडवून सांगितले असते तरी शेकडा 50 च्या आसपास आले असते. हा निबंध 2009 साली प्रसिद्ध झाला. पत्रिकांवर मुलांची नावे नव्हती हे सांगावयास नकोच. नाव झाकून परीक्षा घेण्याची ही त्यांची दुसरी खेप. पहिल्या वेळी त्यांनी स्वतःचे झाकले होते.

आता त्या कथेकडे वळतो जिच्यासाठी मी हा घाट निवडला. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना अपघात होतो आणि ते दुसऱ्याच इतिहासात जाऊन पोहोचतात. त्या इतिहासात 1761 साली पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी त्यांना चाटून जाते, मराठे जिंकतात, आणि ईस्ट इंडिया कंपनी मुंबईपुरती उरते. ग्रंथालयात बसून पंत त्या जगाचा इतिहास वाचतात. (त्या जगात सभेला अध्यक्ष नसतो, श्रोत्यांनी ती प्रथाच बंद केलेली असते. पंत रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि श्रोते त्यांच्यावर टोमॅटो फेकतात. आपल्या सभेतही खुर्ची नाही, याबद्दल मी संयोजकांचा आभारी आहे.) परत आल्यावर त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातील बखरीचे एक पान निघते. त्यांचे शास्त्रज्ञ स्नेही त्यांना समजावून सांगतात की वास्तव एकच नसावे. एखाद्या निर्णायक क्षणी दोन वाटा फुटत असतील आणि आपल्याला त्यांपैकी एकच दिसत असेल.

मराठी मनाने पानिपताचे दुःख दोनशे साठ वर्षे जपले आहे. असे झाले असते तर, हा खेळ आपण सर्वांनीच खेळला आहे. काशी-प्रयाग आपल्या हाती यावे ही पेशव्यांची इच्छा होती. पानिपत जिंकले असते तर काशी मराठ्यांच्या कारभाराखाली आली असती, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण आपण बसलो आहोत तो घाट कोणत्या इतिहासातला आहे? पानिपतावरून मल्हारराव होळकर जिवंत परतले. त्यांचा मुलगा खंडेराव त्याआधीच, 1754 साली, कुंभेरीच्या वेढ्यात पडला होता. मल्हारराव 1766 साली वारले, नातू मालेराव पुढच्याच वर्षी, आणि राज्याचा भार विधवा सुनेच्या शिरावर आला. काशीवर मराठ्यांची सत्ता नव्हती. अहिल्याबाईंनी येथे ना फौज आणली, ना झेंडा रोवला. द्रव्य पाठविले, कारागीर लावले, 1780 च्या सुमारास विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले आणि हा घाट बांधला. पूर्वी याला केवलगिरी घाट म्हणत.

गंगाधरपंतांच्या त्या विजयी जगात हा घाट असता का? मला खात्री नाही. कदाचित येथे सुभेदाराचा वाडा असता आणि बुरुजावर तोफ. मी ही कथा प्रथम वाचली तेव्हा दुसऱ्या सर्व वाचकांप्रमाणे विश्वासरावांच्या बाजूने वाचली. नंतर एकदा येथे, याच पायऱ्यांवर, ती पुन्हा वाचली आणि मनातल्या मनात थोडा घाबरलो. ज्या वाटेवर पराभव झाला त्याच वाटेवर हा दगड आहे. नारळीकरांनी हे लिहिलेले नाही. काशी त्या कथेत येत नाही. पण हा विचार करण्याचे यंत्र त्यांच्या कथेने माझ्या हाती दिले. विज्ञानकथेकडून याहून अधिक मी मागत नाही.

याच कथेचे इंग्रजी रूप 'द ॲडव्हेंचर' या नावाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात घेण्यात आले. अशा रीतीने मराठीत जन्मलेली, मराठ्यांच्या पराभवाची ही कथा बनारसच्या हिंदी घरातील मुलाने इंग्रजीचा धडा म्हणून वाचली. बखर म्हणजे काय, हे त्याला शिक्षकांनी समजावून सांगितले असेल अशी आशा करू या.

आता शैलीविषयीचा आक्षेप. नारळीकरांची पात्रे पुष्कळदा विचार वाहून नेणारी असतात, स्वतः जगणारी नसतात. वर्णने त्रोटक असतात. कथेत मध्येच एखादा जाणकार उभा राहून दुसऱ्याला विज्ञान समजावतो. हे सर्व खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. 'हिमप्रलया'त मुंबईवर बर्फ पडते. एखादा कवी त्या दृश्यावर दहा पाने रमला असता. नारळीकर लगेच हिऱ्यांच्या भुकटीसारख्या बर्फकणांचे भौतिकशास्त्र सांगू लागतात. पण त्या साध्या वाक्यांकडे मी दुसऱ्या बाजूनेही पाहतो. मराठी ज्याने शाळेतून नव्हे तर घरातून घेतली, ज्याच्या भोवती बालपणी हिंदी आणि तरुणपणी इंग्रजी होती, त्याला अलंकार सुचण्याआधी प्रश्न सुचतो की हे समोरच्याला समजेल का? अनुवादकाचा पहिला प्रश्नही हाच असतो. त्यांचे वाक्य कोणत्याही भाषेत नेले तरी मोडत नाही. माझ्यासारख्या, दोन भाषांत ये-जा करून पोट भरणाऱ्या माणसाला अशा वाक्याचे मोल फार आहे, हे मी पक्षपातीपणाचा आरोप पत्करून सांगतो.

पुढचा काळ मी भराभर सांगतो. 1979 साली 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला आणि विज्ञानकथा मुलांच्या कपाटातून थोरांच्या मेजावर गेली. 1988 साली पुण्यात आयुका ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. चार्ल्स कोरिया यांनी तिची वास्तू रचताना मधोमध पायऱ्यांचे कुंड कल्पिले, आणि ते पाहताना मला नेहमी गावाकडची आठवण होते, म्हणजे काशीची. 1996 साली युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्या चार नगरांतले पहिले बनारस. 2021 साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, पण प्रकृतीमुळे तेथे जाऊ शकले नाहीत. मंगलाबाई 2023 च्या जुलैत गेल्या. 20 मे 2025 रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले.

नदीपलीकडे अंधार पडू लागला आहे. आज आकाश स्वच्छ असते तरी या दिव्यांतून आकाशगंगा दिसली नसती. 1940 च्या सुमारास विश्वविद्यालयाच्या आवारातील एका मुलाला ती दिसत असणार. मी 'धूमकेतू'ची प्रत बरोबर आणली आहे, मराठी मूळ आणि हिंदी रूप, दोन्ही. घंटा सुरू होईपर्यंत जेवढे होईल तेवढे वाचू. ज्यांना मराठी येत नाही त्यांनी थोडे पुढे सरकून बसावे, म्हणजे प्रत्येक परिच्छेदानंतर हिंदीतून सांगता येईल.